दुसरं गाणं

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," ताइस्तो म्हणाला आणि मांडीवरची बायकी पांढरी पर्स त्यानं जरा जवळ ओढली.

विषय त्या पर्सवरूनच निघाला होता. बुधवारच्या नाचाच्या वर्गातली मंडळी शहरातून पहिल्यांदाच या तळ्याकाठच्या नाचघरात आली होती. कॉफीच्या खिडकीशेजारच्या बाकावर आपला वर्गबंधू पर्स घेऊन बसलेला पाहून बसड्रायव्हर आहतीनं विचारलं, की बाबा, ही कुणाची? ताइस्तोनं लाकडी फळ्यांवर फिरणाऱ्या गर्दीकडे हनुवटी उडवली. बायकोची. ती काय, तिकडे नाचतेय. निळ्या झग्यात.

निळे झगे पाच होते. आहतीनं पाचही न्याहाळले आणि गोष्ट ऐकायला बसकण मारली. अख्ख्या मुलखातल्या विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात ताइस्तोचा जन्म गेला होता. त्याच्या बोलण्यात निम्मं खरं आणि निम्मं पाणी असायचं, हे वर्गात एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्टीची सुरुवात मात्र खरी होती. बेचाळीस वर्षांपूर्वी याच फळ्यांवर त्यानं इर्याला नाचायला बोलावलं. तोवर तो कधी नाचला नव्हता. एक टँगो संपला. आपण तिच्या पायावर चारदा पाय दिला, आता हिची सुटका करावी, अशा भल्या विचारानं त्यानं आभार मानले आणि तिला बायकांच्या बाकावर नेऊन सोडलं. सगळं नाचघर बघत राहिलं. विचारलं की दोन गाणी नाचायची, मग पोचवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एका गाण्यावर परत नेणं म्हणजे हिच्याबरोबर आणखी नाचवत नाही, असं चारचौघांत सांगणं. इर्याचे कान लाल झाले. पुढच्या वर्षी तिनं त्याच्याशीच लग्न केलं, ते का, हे त्याला कधी कळलं नाही. पण त्या शरमेपायी तो पुन्हा फळ्यांवर चढला नाही. दर शनिवारी ती नाचायची आणि हा पर्स सांभाळायचा. घरी जाताना ती एकच म्हणायची, "माझं दुसरं गाणं राहिलंय हं."

"मग यंदा नाताळानंतर ती पडली," ताइस्तो म्हणाला. "दवाखान्यात ठेवली. म्हटलं, ही बरी होऊन येईस्तोवर शिकून टाकू."

इथून पुढे पाणी वाढत गेलं. स्वयंपाकघरात खराटा धरून त्यानं इतका सराव केला, की फळ्या झिजून खाली तळघरातले बटाटे दिसायला लागले. जंगलातल्या वाटेवर दोन संथ, दोन झटपट अशी पावलं टाकत निघाला, तर मागून एक मोठं हरीण तालात चालत आलं आणि वळणावर त्याच्यापेक्षा बरं वळलं. आहती हसून कॉफी सांडत होता. मास्तरीणबाई मार्युक्का त्याला पहिल्या दिवशी काय म्हणाली, ते तर सगळ्यांनीच ऐकलं होतं: "विहिरीतून पाइप ओढताय का? हातांनी नाही, छातीनं सांगायचं तिला. आणि बुटांकडे बघू नका, ते कुठे जात नाहीत."

महिन्याभरात त्याला पाऊल लहान टाकता यायला लागलं. मग मोजणं तोंडातून पोटात गेलं. मार्चमध्ये एकदा मार्युक्का डोळे मिटून त्याच्याबरोबर अख्खी खोली फिरली आणि म्हणाली, की आता तुम्ही कुणालाही नेऊ शकाल.

एक गोष्ट त्यानं बाकावर सांगितली नाही. वर्ग बुधवारी संध्याकाळी असायचा आणि दवाखान्यात भेटायची वेळही तीच. इर्याला तो म्हणायचा, कुणाचा तरी पंप बिघडलाय. तिला एकदम चकित करायचं होतं ना. एप्रिलमधल्या एका बुधवारी तो उलटं वळण शिकत असताना खुंटीवरच्या कोटात फोन वाजत राहिला होता, दवाखान्यातून.

"आणि जूनच्या सणाला," ताइस्तोनं आवाज चढवला, "ती स्वतःच्या पायांनी इथं आली. मी विचारलं. पहिलं गाणं झालं. मी हात सोडला नाही. दुसरं सुरू झालं, तशी तिनं कपाळ इथं टेकलं." त्यानं जबड्याखालच्या हाडाला बोट लावलं. "अकॉर्डियनवाला रडला. तळ्यातले मासे काठाशी आले. एकदाही पाय दिला नाही मी तिच्या पायावर."

कुणी हसलं नाही. आहतीची नजर पुन्हा निळ्या झग्यांवरून फिरायला लागली.

खिडकीतून आउने वाकली. वीस वर्षं ती इथं कॉफी ओतत होती आणि त्याहून जास्त वर्षं इर्याची मैत्रीण होती. तिनं किटली खाली ठेवली.

"खोटं बोलतोयस, ताइस्तो," ती हळूच म्हणाली. "तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आधीच पुरलं आपण तिला."

ताइस्तो पर्सची कडी उघडत-मिटत राहिला.

"आणि ते पंपाचंही खोटं. तिला माहीत होतं. तू खाटेशेजारी बसायचास, तेव्हा खाली तुझे पाय चालायचे. ती पडल्या पडल्या तेच बघायची. बुधवारी मी जायचे ना तिच्याजवळ, त्या शेवटच्या बुधवारीही होते. तुला बोलावून आणू का, विचारलं, तर म्हणाली, नको. त्याला आता कुठे दुसरं गाणं जमायला लागलंय."