सुनेनं फोडलेली खिडकी

अंबूबाईंच्या हाताखालच्या बाळंतिणीला कधी वारा लागला, असं म्हणायची कासारवाडीत कुणाची छाती नव्हती. जुन्या कौलारू घरात फटी काय थोड्या! पण बाई चिंध्या कोंबून, वाकळा टांगून त्या बुजवायच्या, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायच्या आणि बाळंतीण अशी शेकून काढायच्या की शेजारणींनी बघत राहावं.

यंदा तर त्यांची मान आणखीच ताठ होती. त्यांचा लेक सोनबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता आणि त्यानं घरामागं स्लॅबची खोली बांधली होती. सिमेंटच्या भिंती, उघडायची सोयच नसलेली काचेची खिडकी! सून शालन त्याच खोलीत बाळंतीण झाली, नातू झाला. "मुंगीला शिराया जागा न्हाई," अंबूबाई येईल त्याला ऐकवायच्या.

शालन मात्र कुरकुरायला लागली. "आत्याबाई, डोकं लई जड हुतंय. तुमी जेवान घिऊन दार उघडलं की बरं वाटतं."

"दिष्ट लागली आसंल," म्हणून त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि शेगडीत कोळसे जरा जास्तच टाकले. सुनेच्या सांगण्यावरून दार उघडं टाकलं असतं, तर त्या अंबूबाई कसल्या!

बारशाच्या आदल्या संध्याकाळी कडाक्याची थंडी पडली. दाराखालून गारवा येतोय म्हणून त्यांनी तिथं घोंगडी कोंबली आणि स्वतःच दाराला पाठ लावून बसल्या. नातवाचे तळवे शेकून त्यांनी त्याला शालनच्या कुशीत दिलं. मग त्यांचंच डोकं ठणकायला लागलं. मळमळलं. उठावं तर पायांत बळ नाही. धूर म्हणावा तर तोही नव्हता, निखारे कसे छान फुलले होते. पुढं त्यांना काही कळलं नाही.

शुद्धीवर आल्या तेव्हा त्या अंगणात होत्या. शेजारच्या रुक्मिणीबाई तोंडाला पदर लावून बोलत होत्या, "वली बाळंतीण पोराला घिऊन उघड्यावर! तांब्या मारून काच फोडली म्हणं. सासूचं नाव घालवलं."

"तू दारात आडवी पडलीवतीस आये," सोनबा सांगत होता. "शालननं काच फोडून हाका मारल्या म्हणून मी धावलो. निखाऱ्याला धूर नसला तरी वायू आसतोय. कोंडला की माणूस झोपंतच जातं."

अंबूबाईंची नजर जुन्या घराच्या कौलांवर गेली. जुन्या घरात कितीही चिंध्या कोंबल्या तरी कौलांतून वारा यायचाच. जन्मभर ज्याच्याशी भांडल्या, त्यानंच त्यांच्या सगळ्या बाळंतिणी जगवल्या होत्या. आणि इथं त्या स्वतःच्या हातानं नातवाला मारायला बसल्या होत्या.

शालन पोराला छातीशी धरून बघत होती, सासू आता काय बोलते म्हणून. अंबूबाईंनी आपलं लुगडं सावरलं, उठल्या आणि तिच्या तोंडावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

बारशाला गाव लोटलं. खोलीत शेगडी नव्हती, खिडकीला काच नव्हती. रुक्मिणीबाईंना राहवेना. "येवढी झ्याक खोली, काच कवा बसवताय?"

"न्हाई बसवायची," अंबूबाई भरल्या घरात ठणकावून म्हणाल्या. "माज्या सुनंनं फोडलीया ती. ज्याला बाळंतीण शेकायची आसंल, त्यानं आदी यिऊन ही खिडकी बगावी!"