पाचव्या मजल्यावरची पिवळी चिंधी

आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून माझी मेव्हणी सांगेलच: मला थापा मारायची सवय आहे. गप्प बसवेनासं झालं की एखादी सोडून देतो. त्यात कुणाचं नुकसान नसतं. निदान त्या गुरुवारपर्यंत झालं नव्हतं.

कारखाना बंद पडला आणि तिथला मेंटेनन्सचा मेकॅनिक म्हणून काढलेली माझी बावीस वर्षं एका दुपारी संपली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरी आलो. घर म्हणजे एक खोली. तिला दार होतं, खिडकी नव्हती. आभाळ बघायचं तर बायकोला खाटेवर चढून, टाचा उंचावून वरच्या झरोक्यातून बघावं लागे. कपडे वाळत नसत, वास जात नसे, आणि माझी सासू एकदा येऊन गेली ती पुन्हा आली नाही. (हा एवढा एकच फायदा.)

दोन महिने मी दारोदार काम शोधत हिंडलो. संध्याकाळी बायको विचारायची, "काय झालं?"

आता काय सांगणार? "तीन बिल्डिंगवाले मागे लागलेत," मी म्हणायचो. "एक म्हणतो आजच या. दुसरा म्हणतो, न्यायला गाडी पाठवतो. तिसरा तर रडायलाच लागला. मीच म्हटलं, थांबा जरा, घरी विचारतो."

ती हसायची. त्या हसण्यावर आमची कोरडी भाकरी गोड व्हायची.

मग एक दिवस साडू आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अंगाने काडी, मिशा मात्र दोन माणसांच्या. एका सात मजली इमारतीच्या फाटकावर वॉचमन होता.

"साडूबुवा," तो म्हणाला, "आमचा म्हातारा मेकॅनिक लेकीकडे राहायला गेला. जागा रिकामी आहे. शिवाय राहायला खोली. तळमजल्यावर, पंपाच्या मागे. खिडकी अंगणात उघडते."

खिडकी म्हटल्यावर बायकोने त्याला दुसऱ्यांदा चहा केला. तो गेल्यावर ट्रंक उघडून तिने एक पिवळं कापड काढलं. तिच्या ताईने, म्हणजे या साडूच्याच बायकोने, कधीतरी दिलेलं, नुसतंच पडून होतं. सुईत दोरा ओवून ती पडदा शिवायला बसली.

"अगं, नोकरी तर लागू दे."

"लागेल की. तिघांना नाही म्हणताय ना, मग चौथा कुठे जातो?"

इमारतीचा कारभार एक बाई बघत. चष्मा कपाळावर, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्यांनी माझे हात बघितले, नखांतलं काळं बघितलं आणि मान डोलावली. तिथेच थांबायला हवं होतं. पण गप्प बसवेना. म्हणून दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट मी एकदा नुसत्या छत्रीच्या दांड्याने कशी खाली उतरवली, आणि आतली लग्नाळू मुलगी बाहेर येईपर्यंत तिचं आतल्याच एकाशी कसं जमलं होतं, ते सांगितलं. बाई पोट धरून हसल्या.

"गोष्ट झकास आहे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण आमचं दुखणं वेगळं आहे."

दुखणं असं: चौथ्या मजल्यावर कुणी नळ बंद केला, की भिंतीत घण घालावा तसा आवाज व्हायचा. धडाम! खालच्या मजल्यावरच्या आजोबांची कवळी म्हणे वाटीतून उडी मारून जिन्यापर्यंत गेली. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने पंप बदलला, दुसऱ्याने भिंत फोडली. आवाज जागच्या जागी.

"जो हा आवाज बंद करील, त्याला नोकरी," बाई म्हणाल्या. "अर्ज चार आहेत. प्रत्येकाला एकेक दिवस. तुमचा गुरुवार."

आधी ऐकून ठेवावं म्हणून रविवारी सकाळी गेलो. साडूने आत सोडलं आणि मदतही केली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. डॉक्टरची नळी काय करील, ते ही मूठ करते. पहिला मजला, दुसरा, तिसरा... साडू चौथ्यावरचा नळ सोडायचा, बंद करायचा, आणि मी आवाजाच्या मागे जिने चढायचो. पाचव्यावर, जिन्याशेजारी एक लाकडी झाकण होतं. ते उघडलं आणि मी हसलोच.

"काय झालं?" चौथ्यावरून वर येत साडूने विचारलं.

"हा बघा चोर."

पाण्याच्या उभ्या नळाला जोडून एक बंद तोंडाचा तुकडा असतो. त्यात हवा राहते. खाली नळ झटकन बंद झाला की धावतं पाणी त्या हवेवर टेकतं, उशीवर डोकं टेकावं तसं. वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही, हवा संपत गेली, पाणी भरलं. उशीचा दगड झाला. औषध सोपं. मुख्य कॉक बंद करायचा, सगळ्यात वरचा नळ उघडायचा, मग सगळ्यात खालचा. लाइन रिकामी होते, हवा आपली आपण आत शिरते. मग सगळं बंद करून पाणी सोडायचं. अर्धा तास. पान्हासुद्धा लागत नाही.

तेव्हाच करून टाकलं असतं तर? पण आमच्या धंद्यात रीत आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत नसेल तर दुरुस्ती करायची नाही. न बघता बरा झालेला आजार मालकाच्या लेखी कधी नव्हताच. आणि दुखणं सापडलं, पण हात लावायचा दिवस पुढे असेल, तर तिथे चिंधी बांधून ठेवायची. ज्याची चिंधी, त्याचं काम. चिंधी दिसली की दुसरा मेकॅनिक झाकण लावून निघून जातो. बावीस वर्षांत ही रीत मोडलेली मी पाहिली नव्हती. हात पुसायला बायकोने पडद्याचा उरलेला काठ दिला होता. तो पिवळा काठ मी नळाला दोन गाठी मारून बांधला.

मग फाटकावरच्या केबिनमधे बसून चहा प्यायलो आणि छाती फुगवून सगळं सांगितलं. साडू मिशीवरून हात फिरवत ऐकत होता.

"म्हणजे वरचा नळ आधी?"

"वरचा आधी."

"मग खालचा?"

"मग खालचा. अहो, तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही हो. आपलं ज्ञान," तो म्हणाला.

गुरुवारी बायकोही बरोबर निघाली. खिडकीचं माप घ्यायचं होतं. फाटकावर साडू नव्हता. तो आत अंगणात उभा होता, हातात माझ्यासारखाच लांब स्क्रू ड्रायव्हर, नवा कोरा. शेजारी त्याची बायको, माझी मेव्हणी. आणि बाई म्हणाल्या, "तुम्हाला उगाच फेरा पडला. काल बुधवार यांचा होता. आवाज बंद झाला."

चौथा अर्ज कुणाचा, ते मी विचारलंच नव्हतं. साडूने माझ्याकडे पाहिलं नाही. मिशीकडे पाहत असावा.

"बाई, हे दुखणं मी शोधलंय," मी म्हटलं. "रविवारी. पाचव्या मजल्यावर माझी चिंधी आहे. चला, दाखवतो."

आम्ही पाचही जण लिफ्टने वर गेलो. झाकण उघडलं. चिंधी होती. जशीच्या तशी, दोन गाठींची.

"ती मीच बांधली," साडू म्हणाला. "खूण म्हणून. आमच्या घरचं कापड आहे."

"खोटं!" माझा आवाज जिन्यात घुमला. "या कापडाचा पडदा माझ्या बायकोने शिवलाय. विचारा तिला!"

बाई बायकोकडे वळल्या. "सांगा, कापड कुणाचं?"

मी निर्धास्त होतो. माझी बायको कधी खोटं बोलत नाही. तिने मेव्हणीकडे पाहिलं. मेव्हणी कठड्याला धरून उभी होती, एका पायावर भार देऊन.

"ताईचं," बायको म्हणाली.

तेवढंच. शब्द खोटा नव्हता. कापड ताईनेच दिलेलं होतं.

बाईंनी झाकण लावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुमची ती छत्रीची गोष्ट छान होती हो. ही मात्र जमली नाही."

आयुष्यात मी पहिल्यांदा नोकरीसाठी खरं बोललो होतो.

घरी आलो. बायकोने पडद्याची घडी केली, पिशवीत घातली आणि दाराकडे निघाली.

"तो कुठे?"

"ताईकडे. तळमजल्यावरची ती खिडकी उघडी राहील नाहीतर."

"आज मी खरं बोललो होतो."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती उंबऱ्यावर थांबली. "त्यांचं आत्ताचं घर एका चाळीच्या गच्चीवर. लिफ्ट नाही, चौऱ्याऐंशी पायऱ्या. ताईचा गुडघा वाकत नाही आता. मला तिनेच वाढवलं हो, आई नुसती नावाला. भाऊजींनी तुमची फसवणूक केली, ते मला आवडलं नाही. पण त्यांना दुसरं कोण विचारणार? तुमचं काय, तुमच्या मागे तिघं लागलेत. एक तर रडतोसुद्धा."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेष्टा शोधत होतो. नव्हती. माझ्या शेकडो थापांमधून नेमकी तेवढी एक तिने खरी धरून ठेवली होती, आणि त्या थापेच्या भरवशावर माझी नोकरी बहिणीच्या पदरात टाकली होती.

साडूने माझं काम चोरलं, त्याचा राग करता येतो. तो मी अजून करतो, रोज थोडा थोडा, पुरवून. हिच्यावर कसा करू?

"आहेत ना पण ते तिघं?" तिने विचारलं. आता आवाज जरा बारीक झाला होता.

मी हत्यारांची पिशवी उचलली. स्क्रू ड्रायव्हर वरती आहे का ते उगाच चाचपलं.

"आहेत म्हणजे! निघालोच तिकडे. रडणाऱ्याकडे आधी जातो."

"खिडकी आहे का, बघा हो नीट."

"दोन आहेत," मी म्हणालो. "समोरासमोर. वारा आरपार."

तिने पिशवीतला पडदा दाबून बसवला. "मग अजून कापड लागेल," म्हणाली, आणि ताईकडे गेली. मी दुसऱ्या बाजूला वळलो आणि पहिल्या दिसलेल्या फाटकावर थाप मारली.