कॉम्प्युटरमधून न जाणारा आजार

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढायला गेले तर माझा धाकटा भाऊ हॉलिस पायरीवर येऊन बसलेला. हातात पेट्रोल पंपावरची कॉफी, एक घोटही न घेतलेली. सोमवारी शाळा उघडणार होती आणि त्याच्याकडे शाळेची बस चालवायचा वैद्यकीय दाखला नव्हता. दुपारपर्यंत तो दाखला घेऊन शाळेच्या ऑफिसात पोचला नाही, तर त्याची बस दुसऱ्या कुणाला तरी देणार होते.

"आज होईल ना गं?" त्यानं विचारलं.

"न व्हायला काय झालं? फाईलमधलं खोटं ते खोटं. आत ये आणि गप बस."

तो गप बसला नाही. खुर्चीवरून उठायचा, खिडकीपाशी जायचा, परत यायचा. त्याला बघून माझाही पाय ठरेना.

भानगड साधी होती. तीन वर्षांपूर्वी हॉलिस ऐन उन्हाळ्यात गुरांच्या खाद्याच्या दुकानात चक्कर येऊन पडला. आमच्या डॉक्टर ओव्हरस्ट्रीटना त्याच्या मेंदूची एक चाचणी करायची होती. नुसती चक्कर म्हटलं तर विमा कंपनी त्या चाचणीला मंजुरी देईना. 'संशय आहे' असं लिहायची तर कॉम्प्युटरवर सोयच नाही. आजाराचं नाव टाका, नाहीतर चाचणी विसरा. मग डॉक्टरांनी मिरगी असं टाकलं. आमचं केंटकी राज्यच काय, या देशातला कुठला दवाखाना हे करत नाही ते मला दाखवा. चाचणी झाली, काही निघालं नाही, सगळे विसरले. कॉम्प्युटर तेवढा विसरला नाही. दर भेटीला मागचा मजकूर एका बटणानं पुढे आणायचा, वर आजची तारीख टाकायची, की झालं काम. मिरगी तशीच पुढे सरकत राहिली आणि यंदा दाखला देणाऱ्या शहरातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर जाऊन उभी राहिली. तुमच्या डॉक्टरांकडून दुरुस्ती आल्याशिवाय दाखला नाही, असं त्यांनी कळवलं.

मी या दवाखान्यात बिलांचं काम बघते. पण स्वतःच्या भावाची फाईल मला उघडता येत नाही. उघडली तर कुणी उघडली, किती वाजता, सगळी नोंद होते आणि नोकरी जाते. म्हणून आठवडाभर मी आमच्या नर्सच्या, किशाच्या, हात धुऊन मागे लागले होते. शाळेच्या ऑफिसातल्या बाईला फोन करून झापलं. शहरातल्या डॉक्टरांच्या माणसाला सांगितलं, "माझ्या भावाला मी आंघोळी घातल्यात. तो आजारी असता तर मला आधी कळलं असतं."

आमचे डॉक्टर आले तशी मी त्यांना कोटसुद्धा काढू दिला नाही. आम्ही चौघं तपासणीच्या खोलीत शिरलो. हॉलिस टेबलावर बसला, खालचा कागद चुरचुरला. किशानं फाईल उघडली.

"काढून टाक," डॉक्टर म्हणाले.

"निघत नाही, डॉक. त्यावर विमा कंपनीला बिल गेलंय. नुसतं 'बरा झाला' म्हणता येतं."

"मग तसं म्हण."

तिनं तसं केलं. पडद्यावर आलं : पूर्वी मिरगीचा आजार होता.

"अरे वा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे आधी होता की नाही याची शंका होती, आता शंकाही उरली नाही. छान!"

"नडीन, ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत," डॉक्टर म्हणाले. "मी खुलासा लिहितो. निदान चुकून नोंदवलं गेलं, माझी जबाबदारी. खाली माझी सही. किशा, नवी नोंद उघड."

मला त्या म्हाताऱ्याचा मुका घ्यावासा वाटला. घड्याळात अजून साडेदहाही झाले नव्हते. हॉलिसकडे पाहून मी हसले. तो टोपी हातात घेऊन तिची कड दाबत होता.

डॉक्टर सांगत गेले, किशा टाईप करत गेली. सही करायला गेले तर कॉम्प्युटर अडला. एक रकाना रिकामा राहिला होता, त्याच्याजवळ लाल चांदणी. शुद्ध हरपण्याचा शेवटचा प्रसंग : कधी?

"हा एक छळवाद," किशा म्हणाली. "आम्ही यात नेहमी 'कधीच नाही' टाकतो, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही."

"मग टाक की," मी म्हटलं. "कधीच नाही. लिही आणि पाठव."

किशाचं बोट खाली आलं, पण डॉक्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. खुर्ची फिरवून ते हॉलिसकडे वळले.

"मीच विचारलं नाही की रे कधी. तीन वर्षं नुसतं पुढे ढकलतोय. हॉलिस, त्यानंतर पुन्हा कधी झालं होतं तसं?"

"काय विचारता, डॉक!" मी म्हटलं. "झालं असतं तर—"

"मार्चमध्ये," हॉलिस म्हणाला.

डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

"चर्चच्या वळणापुढच्या थांब्यावर. पोरं चढत होती. मग मला काही कळलंच नाही. जाग आली तेव्हा बस रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात गेली होती. आपोआप. समोरून काही येत नव्हतं म्हणून बरं." त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "पोरं हसत होती, डॉक. त्यांना वाटलं, हॉलिस गंमत करतोय. 'परत कर, परत कर' म्हणत होती."

"आणि नंतर?"

"मे महिन्यात एकदा. घरी. तेव्हा कुणी नव्हतं."

मला संताप आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. "आणि तू मला सांगितलं नाहीस? आठवडाभर मी गावाशी भांडतेय! फोनवर लोकांच्या आया-बहिणी काढल्या तुझ्यासाठी! तोंड नव्हतं तुला?"

"सांगणार होतो गं. गेल्या सोमवारी तुझ्याकडे त्यासाठीच आलो होतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पण तू शाळेच्या त्या बाईला फोनवर किती ठासून सांगत होतीस, माझ्या भावाला काही झालेलं नाही म्हणून. तुझं ऐकता ऐकता मलाही खरं वाटायला लागलं. फार बरं वाटत होतं, नडीन."

डॉक्टरांनी खुलासा पुसायला सांगितला. किशानं तो पुसला. तेवढा मात्र लगेच गेला. मग तिनं रिकाम्या रकान्यात मे महिना टाकला आणि विचारलं, "तारीख आठवते?"

हॉलिस आठवू लागला. मी टेबलावर त्याच्या शेजारी चढून बसले आणि त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा, घट्ट. तरी मला अजूनही त्याला एक ठेवून द्यावीशी वाटत होती.