फरशीचे दुसरे टोक

मित्रांनो, मी एक जुनी, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली आहे. माझ्या झाकणाला चार भोके आहेत. ती फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या बायकोने खिळा तापवून पाडली.

माझे काम सोपे होते. मिस्त्री यंत्राने फरशी कापायचा. बायको समोर बसून एका हाताने फरशीचे दुसरे टोक दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने माझे पाणी पात्यावर सोडायची. धुळीचा चिखल व्हायचा आणि खालीच राहायचा. "ही बाटली आहे म्हणून बरं," ती म्हणायची. माझे कौतुक एवढेच झाले.

मग एका मोठ्या इमारतीत मुकादम ओरडला, "काय राडा करून ठेवलाय! फरशी सुकायची वाट बघत बसू का? कोरडीच कापा."

तेव्हापासून मी हत्यारांच्या पिशवीत पडून राहिले.

कापायला लागले की खोली पांढरी व्हायची. जाड रुमाल एकच होता. तो तिने मिस्त्रीच्या तोंडाला बांधला.

"तू घे की," तो म्हणाला.

"गप्प बसा. यंत्र कोण चालवतं? धूळ तुम्हालाच जास्त."

"गिरणीतला उंदीर दिसतोय ना मी?"

"उंदीर बरा. तो घोरत तरी नाही."

हसता हसता तिला खोकला आला. आम्हाला वाटले, हसण्याचाच आहे.

पुढे रोज रुमाल त्यालाच बांधला गेला. आठ वर्षे गेली. एक जिना चढायला ती दोनदा बसू लागली. एका दुपारी दोघे कामावरून तसेच दवाखान्यात गेले. पिशवीत मीही होते.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. "काम काय करता?"

"यंत्र हे चालवतात. मी नुसतं समोरून धरते."

बाईंनी फोटो खाली ठेवला. "पातं धूळ समोरच फेकतं, ताई. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, समोर तुम्ही नव्हता."

त्याने तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

त्यानंतर ती अकरा महिने जगली. आडवे झाले की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायची. मग गेली.

मिस्त्रीला दुसरे काम येत नाही. आता तो मला पाणी भरून पात्याच्या वर उलटी टांगतो आणि एकटाच कापतो. मुकादम ओरडतो. तो ऐकतो आणि कापत राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत कधी फरशी कापत असतील, तर पाणी सोडले आहे का ते विचारा. आणि यंत्रवाल्यालाच तोंड झाकायला सांगू नका. समोर धरून बसलेल्यालाही सांगा, मागून झाडणारीलाही सांगा. ती म्हणेल, मला काय होतंय. तरी पुन्हा सांगा. मिस्त्रीने एकदाच सांगितले होते.