शिगेओका सरांच्या टाकीतलं भारी पेट्रोल

मी भारीतलं पेट्रोल बोलतोय. पंपावर लाल नळी साध्याची, पिवळी माझी. लिटरमागे दहा-अकरा येन जास्त मोजायचे आणि मला घ्यायचं. आत्ता मी एका छोट्या, चौकोनी, पांढऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी पडलोय. इथं माझं ऐकायला कुणी नाही, त्यामुळे कुणाचं वय बघून बोलायची गरजही नाही.

आधी माझ्याबद्दलची अफवा मोडतो. माझ्यात जोर जास्त नसतो. साध्या पेट्रोलात जेवढी आग, तेवढीच माझ्यात. फरक इतकाच, की मला दाबलं तरी मी लवकर भडकत नाही. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबतात आणि मग ठिणगी पाडतात. जिथं दाब फार, तिथं साधं पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेट घेतं आणि इंजिन आतून ठकठकायला लागतं. मी मात्र ठिणगी पडेपर्यंत थांबतो. दांडग्या इंजिनांना असा थंड डोक्याचा सोबती लागतो. छोट्या गाडीत मुळात तेवढं दाबतच नाहीत. तिथं मला घालणं म्हणजे अंगणातलं गवत उपटायला पैलवान बोलावणं. गवत निघतं, पण ते पोरानंही काढलं असतं.

माझा जन्म समुद्राकाठच्या तेलाच्या कारखान्यातला. तिथून टँकरात बसून, घाटामागून घाट ओलांडून मी या डोंगरातल्या गावात आलो. मोरिवाकीच्या पंपावर मला जमिनीखालच्या टाकीत ओतलं. शेजारच्या टाकीत साधं पेट्रोल होतं, आणि त्याच्याकडे दिवसभर राबता. भाताच्या शेताकडे जाणाऱ्या गाड्या, टपालवाला, गवत कापायच्या यंत्रासाठी पत्र्याचा डबा घेऊन आलेले म्हातारे. गावात सगळ्यांच्याच गाड्या छोट्या. मला विचारणार कोण?

सिमेंटखालच्या काळोखात मी पंपाची घरघर ऐकत बसायचो. सुरू झाली की वाटायचं, आता आपली पाळी. ती कधीच आपली नसायची. पेट्रोलही शिळं होतं, हे लोकांच्या गावी नसतं. आपण कुणाच्याच कामाचे नाही आणि पडून पडून विटत चाललोय, हे कळायला मेंदू लागतो असं नाही.

मला एकच गिऱ्हाईक होतं. शिगेओका सर.

सर म्हणजे गावातल्या माध्यमिक शाळेचे गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अर्ध्या गावानं त्यांच्या लाकडी पट्टीचा मार खाल्लेला, त्यामुळे त्यांच्यापुढे मान वर करायची कुणाची छाती नाही. त्यांची बायको फुसाए गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. घाटातली बस बंद झाली. म्हणून सर बुधवारी आणि रविवारी स्वतः गाडी हाकत तिला भेटायला जायचे. ओसाकातला मुलगा फोनवर सांगायचा, "बाबा, आता परवाना परत करून टाका."

"आणि तुझ्या आईला भेटायला काय पोस्टानं जाऊ?" सर म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

एवढीच गोष्ट होती. गाडी सुटली की बायको सुटली.

त्यांच्या टाकीत पडलो तेव्हा तळाशी मागच्या भरणीतले चार घोट उरलेले होते. "या, या," ते घोट म्हणाले, "तुम्हीही फुकटच जळणार." आणि हे सगळं कसं सुरू झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

वसंतात एकदा सर पंपावर आले. गाडीत एक लाल दिवा लागला होता. "मोरिवाकी, हे बघ रे. हा दिवा जात नाही, आणि गाडी चढाला रडते. पाठीवर पोतं घेतल्यासारखी चालते."

मोरिवाकीनं खिडकीतून डोकं आत घातलं. हातब्रेकचा दांडा दोन दाते वर होता. सरांच्या अंगणाला उतार आहे, म्हणून घरी ते ब्रेक ओढतात. सोडताना मात्र बटण पुरतं दाबलं जात नाही, कारण अंगठ्यात संधिवात. दांडा खाली गेल्यासारखा वाटतो, जात नाही. मग मागची चाकं घासत राहतात. दिवाही त्याचाच.

सर, हातब्रेक वर आहे. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मागच्या गाडीत टपालवाला बसला होता, तोही सरांचाच विद्यार्थी. त्याच्यासमोर सरांची चूक कशी काढायची? मोरिवाकी, साठीला टेकलेला बाप्या, म्हणाला, "गाडीचं वय झालं, सर. जरा भारीतलं पाजून बघा."

सर हात धुवायला आत गेले. तेवढ्यात यानं काच पुसायच्या निमित्तानं आत हात घातला आणि दांडा खाली केला. दिवा विझला. सरांनी परत येऊन किल्ली फिरवली आणि गाडी पाखरासारखी निघाली.

"अरे, लगेच गुण आला की."

"भारीतलंच ते, सर."

झालं. तेव्हापासून सर माझे भक्त. घरी जायचे, अंगणात ब्रेक ओढायचे, दुसऱ्या दिवशी अर्धाच सोडायचे. गाडी पुन्हा जड. सर म्हणायचे, गुण दोनच दिवस टिकतो. पुन्हा पंपावर. मोरिवाकी टोपी काढून वाकायचा, पिवळी नळी लावायचा, काच पुसायचा, दांडा खाली करायचा. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस, आणि स्वतःच्या गाडीचं त्रैराशिक सुटेना.

एकदा नळी लावलेली असताना मोरिवाकीच्या बायकोला म्हणताना मी ऐकलं. "सांगून टाका ना एकदाचं."

"फळ्यापुढे उभं करायचे ते. त्यांना बघितलं की अजून हात मागे लपवतो मी."

"मग जाऊ द्या त्यांना दरीत."

"पंपाबाहेर पडताना दांडा खालीच असतो ना."

याला म्हणे मर्यादा. लहानांनी मोठ्यांचा मान राखायचा, मोठ्यांनी आपल्या मोठेपणाचा, आणि मध्ये ब्रेक जळत राहायचा. मी टाकीत बसून किती चरफडलो म्हणून सांगू. गाडी जास्त ओढायला लागली की मी जास्त जळायचो, म्हणून चाकं घासताहेत हे मला नेमकं कळायचं. पण मी बोलणार कुणाशी? मला तोंड दिलंय ते आगीचं. एका बुधवारी उतारावर पायाखालचा ब्रेक मऊ लागला, तेव्हा सर स्वतःशीच पुटपुटले, "पेट्रोलचा गुण उतरला वाटतं." मला हसूही येईना.

मग ओबोन आला, पितरांचा सण. मोरिवाकीचा पंप बंद. फुसाएला एका दिवसाची रजा मिळाली, घरी येऊन देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला. सरांनी गाडी धुतली, डाव्या सीटवर उशी ठेवली आणि घाट चढून गेले. अंगणातून निघतानाच दांडा दोन दाते वर होता. या वेळी तो खाली करणारं कुणी नव्हतं.

वृद्धाश्रमातली चिनात्सु म्हणून एक सेविका आहे, तिनं फुसाएला धरून गाडीत बसवलं. "सर, काकूंना रात्रीच्या जेवणाआधी आणा हं. नाहीतर माझी खरडपट्टी निघेल."

"गाडी आता जोरात आहे. भारीतलं घालतो मी."

"मग माझ्या स्कूटरलाही पाजा थोडं. घाटात ढकलत आणावी लागते."

उतार लागला. थोड्या वेळानं फुसाए म्हणाली, "अहो, काय जळतंय?"

"कुणीतरी पाचोळा पेटवला असेल."

"पाचोळ्याला असा वास येत नाही. आणि हा दिवा कसला?"

"तो भारीतलं मागतोय. पंप बंद आहे, परवा भरतो."

"दिवा पेट्रोल मागतो?"

"गाडीचं वय झालं, फुसाए. तुला त्यातलं कळत नाही."

"वय झालेलं मला चांगलं कळतं."

पुढच्या वळणावर सरांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. पुन्हा दाबला. पुन्हा गेला. घासून तापलेल्या चाकांनी ब्रेकचं तेल उकळवलं होतं. टाकीत मी एका बाजूला आदळलो. सर पाय आपटत राहिले आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला, शेतकरी काकड्या-वांगी विकायला मांडतात त्या सपाट जागेवर, गाडी कशीबशी जाऊन थांबली. कठड्यात आणि चाकात फार अंतर नव्हतं.

फुसाएनं दोन्ही हातांनी बटण दाबलं आणि दांडा तळापर्यंत खाली नेला. दिवा विझला.

झाडांत किडे किरकिरत होते.

"मोरिवाकीकडे गेलं की विझायचा," सर म्हणाले. मग थांबले. पुढची पायरी त्यांना दिसली असावी. "तो खाली करायचा."

"हो."

"मला बोलला नाही."

"तुम्हाला कोण बोलणार? घरात माझ्याशिवाय कुणाची हिंमत झालीय?" तिनं काचेतून खाली गावाकडे बघितलं. "आता तुमचं येणं बंद होणार, हे कळतंय मला. गप्प बसले असते तर पुढच्या रविवारी तुम्ही आला असतात. कदाचित त्याच्या पुढच्याही. पण चूक गाडीची नाही, अहो. तुमची आहे."

म्हाताऱ्यांबद्दल मी जे काही बोललो ते मागे घेत नाही. या बाईला वगळतो. मोरिवाकीचं एका वाक्यानं काही जाणार नव्हतं, तरी तो बोलला नाही. हिचं सगळं जाणार होतं, आणि ती बोलली.

ब्रेक निवाल्यावर दोघं हळूहळू घरी गेली, उदबत्ती लावली, आणि जेवणाच्या आधी सरांनी तिला परत सोडलं. गोगलगायीच्या चालीनं. परतताना रेडिओ लावला नाही.

सण संपल्यावर सर पंपावर आले. काच खाली केली, पण उतरले नाहीत. "तूच खाली करायचास."

मोरिवाकीनं हातातला फडका चुरगाळला. "हो, सर."

"शाळेत तुझं गणित चुकलं की मी काय करायचो?"

"मारायचात, सर."

"सांगायचो."

"आधी मारायचात. मग सांगायचात."

सरांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. चाळीस वर्षं पोरांना गप्प बसायला शिकवलं होतं. पोरं शिकली होती.

"भरू का, सर?" मोरिवाकीनं विचारलं. सवयच ती.

"नको."

त्याच आठवड्यात त्यांनी परवाना परत केला. बदल्यात टॅक्सीच्या सवलतीचं कार्ड मिळालं. गावात टॅक्सी नाही. मुलानं फोनवर अभिनंदन केलं. आणि मी अंगणात उभ्या गाडीत पडून राहिलो. जमिनीखाली निदान शेजारच्या टाकीचा आवाज तरी होता. इथं तोही नाही. दर रविवारी, निघायच्या वेळेला, सर घराचं दार उघडून अंगणात यायचे. बुटांचा आवाज गाडीपर्यंत यायचा, थांबायचा आणि परत फिरायचा.

शेवटी गाडी चिनात्सुनं घेतली. तिची स्कूटर घाटातच मेली होती. किल्ली घेताना ती म्हणाली, "मोरिवाकीकाका म्हणत होते, सर नेहमी भारीतलं घालायचे. तेच घालू ना?"

"साधं घाल," सर म्हणाले. "हिला त्याची गरज कधीच नव्हती." त्यांना एवढं सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाले, "ब्रेक नीट तपासून घे. दांडा खाली जातो का, तोही बघ. मी जाळलाय तो ब्रेक."

आता रोज सकाळी आम्ही घाट चढतो. गाडी वृद्धाश्रमाच्या आवारात शिरली की वरच्या मजल्यावरची एक खिडकी सरकते. चिनात्सु उतरते आणि वर बघून म्हणते, "काकू, मीच आहे."

"माहीत आहे गं," वरून आवाज येतो. दुसऱ्या दिवशी खिडकी पुन्हा सरकते.

आज शनिवार. परतताना चिनात्सुनं सरांच्या फाटकापाशी गाडी थांबवली. "सर, उद्या माझी सकाळची पाळी आहे. चला की माझ्याबरोबर. दुपारी आणून सोडते."

"बघू," सर म्हणाले.

म्हाताऱ्यांचं बघू म्हणजे नाही. जन्मभर उजवीकडे बसलेल्या माणसाला डावीकडे बसायची लाज वाटते, दुसरं काही नाही. विद्यार्थ्यानं चूक पोटात घातली ती एका लाजेपायी, आणि बायको खिडकीशी बसलीय ती दुसऱ्या लाजेपायी.

सर, माझ्यामुळे तुमच्या गाडीचा काडीचाही फायदा झाला नाही, हे मी मान्य करतो. ज्यांच्या गाडीच्या टाकीच्या झाकणामागं साधं लिहिलंय, त्यांनी साधंच घालावं आणि जादा येन खिशात ठेवावेत. पण टाकीत मी अजून एकदा घाट चढून उतरण्याइतका उरलोय. त्यानंतर लाल नळी लागेल, आणि मग मी नसेन. उद्या सकाळी चिनात्सु फाटकाशी थांबेल आणि आतूनच डावीकडचं दार ढकलून उघडेल. बघू म्हणू नका. बसा.