गणपतरावांची हरकत

कोल्हापुरात दूधकट्ट्यावर म्हस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. त्या कट्ट्यावर गणपतरावांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांनी म्हशीला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतलं माणूस 'काय झालं?' म्हणून बाहेर यायचं. भांडायला त्यांना कारण लागत नसे. आभार मानणं मात्र त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

२००५ च्या पुरात पंचगंगेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं, तेव्हा माणसं न्यायला नाव आली. गणपतराव म्हणाले, "आधी म्हशी, मग मी." म्हशी नावेत बसत नाहीत हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यांची बायको शालूबाई लेकीकडं कागलला गेलेली, त्यामुळे समजूत घालणारंही कुणी नव्हतं. गल्लीतली तालीम तशी उंचावर. पण तिथल्या कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत जनावर घालायचं कसं? ते स्वतःच तालमीचे अध्यक्ष, त्यामुळे विचारायला त्यांचीच जीभ रेटेना.

पाणी गोठ्यात गुडघ्याला लागलं तेव्हा वरच्या बौद्ध वस्तीतले धोंडीराम पाण्यातनं वाट काढत आले. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला शांत माणूस. म्हणाले, "गणपतराव, चला. समाजमंदिर मोकळं केलंय." वस्तीनं वर्गणी काढून नुकतीच तिथं फरशी बसवली होती. त्या फरशीवर म्हशी गेल्या आणि म्हशींनी जे करायचं ते सगळं केलं. कुणी कपाळाला आठी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळी म्हस तिथंच व्याली. धोंडीरामांच्या पारूबाईंनी पोटच्या लेकीचं करावं तसं तिचं बाळंतपण केलं आणि पहिल्या चिकाचा खरवस केला. गणपतरावांच्या घरचं दूध पिढ्यान् पिढ्या त्या वस्तीत जायचं, पण त्या वस्तीत त्यांच्या घरातलं कुणी कधी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. त्या दिवशी गणपतराव दोन ताटल्या खरवस खाऊन उठले. डोळे भरून आले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. ते बोलले, "गूळ जरा जास्त झाला."

हे वाक्य त्यांना वर्षभर छळत राहिलं. रोज वाटायचं, आज वर जाऊन नीट सांगू. आणि रोज पाय कट्ट्याकडं वळायचे.

पुढच्या मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. उन्हापावसाचं गणित बिघडत चाललंय, पूर पुन्हा येणार, म्हणून शहराचा आराखडा होतोय, असं एका साहेबांनी समजावून सांगितलं. लोकांनी आपल्या सूचना आणि हरकती मांडायच्या होत्या. माणसांची सोय शाळांमधून केलेली होती.

"आनि जनावरांची?" गणपतराव गरजले.

"ती पावसाळ्याआधी शहराबाहेर हलवावीत असं सुचवलंय."

सभेत एकच गलका झाला. म्हशी गावाबाहेर गेल्या तर कट्टा बंद, आणि कट्टा बंद झाला तर गणपतरावांनी सकाळी उठून करायचं काय? एवढ्यात चहाच्या हॉटेलवाले बाळासो उभे राहिले. "त्यात काय एवढं? समाजमंदिर हाय की! मागल्या खेपेला तिथंच गेलती जनावरं. लिवून टाका सायब, जनावरांचा निवारा समाजमंदिरात."

टाळ्या पडल्या. साहेब खूश होऊन लिहायला लागले. गणपतरावांचं तर काम फत्ते झालं होतं. त्यांनीही टाळीला हात उचलले आणि सहज मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत धोंडीराम आणि पारूबाई बसले होते. धोंडीराम उठायला गेले आणि परत खाली बसले. पारूबाई मान खाली घालून पदराचं टोक चाचपत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गणपतरावांचे हात तसेच राहिले. तालीम उंचावर होती, देवळाचा मंडप उंचावर होता, बाळासोंच्या हॉटेलची माडीही उंचावर होती. त्या जागांचं नाव मात्र एकाच्याही तोंडात आलं नाही. गणपतरावांच्या स्वतःच्यासुद्धा नाही, हे त्यांना जास्त लागलं.

"माजी हरकत हाय!"

"अहो, तुमच्याच म्हशींची सोय होतीय," साहेब म्हणाले.

"म्हणूनच हरकत हाय! पुरात ह्यांनी दार उघडलं ते ह्यांचं मन मोठं म्हणून. आता तुमी त्यावर हुकूम काढणार व्हय? इचारलं कुणी त्यांना?"

बाळासो चिडले. "मग तुज्या म्हशी काय डोक्यावर बांधतोस?"

"तालमीत बांधतो."

कुणीतरी हळूच म्हणालं, "आनि हौदातली माती?"

"माती नवी आणू. ताक घालू, तेल घालू, आनि मळू की परत. पैलवान कुणाचं दूध पिऊन झालं रं? ती जनावरं बुडत असताना हौद कोरडा ठिवून काय पुजायचाय? अध्यक्ष मी हाय. सायब, तालीम लिवा."

आता धोंडीराम उठले. "सायब, तालीम लिवाच. पर तिच्या खाली आमचं समाजमंदिरबी लिवा. आमी आमच्या खुशीनं देतोय, असं लिवा. गणपतरावांची काळी तालमीत रमायची न्हाय. तिला आमच्या पारूचाच हात लागतो."

सगळा हॉल हसला. पारूबाईसुद्धा हसल्या. साहेबांनी दोन्ही नावं लिहिली. गणपतराव खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसत राहिले.

श्रावणात काळी पुन्हा व्याली. शालूबाईंनी खरवसासाठी पातेलं काढलं, तर गणपतराव म्हणाले, "चीक असाच घे. वर जाऊ. पारूवैनी करतील, आपण खाऊ."

शालूबाईंनी भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. डोक्यावरून पदर घेतला, किटली उचलली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती चढण चढल्या.

पारूबाईंनी खरवस केला. चौघं समाजमंदिराच्या पायरीवर बसले. गणपतरावांनी पहिला घास तोंडात घातला आणि नुसतेच चघळत राहिले.

"का वो?" पारूबाईंनी विचारलं. "गूळ जास्त झाला व्हय?"

"न्हाय वैनी," गणपतराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले, की धोंडीरामांना पुढं वाकावं लागलं. "बरोबर हाय. मागल्या खेपेलाबी बरोबरच हुता."