उत्तरेश्वरची कार्डं

मांजरी गावातल्या त्या ऑफिसात साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. उसाची गाडी, तिचं वजन, शेतकऱ्याची पावती, सगळं एकाच जुन्या प्रोग्राममध्ये एकमेकांत गुंतलेलं. कुठला धागा ओढला की कुठं उसवेल, ते बावीस वर्षं एकट्या उत्तरेश्वरला ठाऊक. आता मॅनेजर मंडळी तो जुना प्रोग्राम मोडीत काढून बाहेरचा तयार प्रोग्राम आणायच्या बेतात होती. त्याबरोबर उत्तरेश्वरही जाणार होता.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रोग्रामर मंदाकिनीनं त्याला शब्द दिला, "मी त्यांना ऑब्जेक्टची रीत शिकवते, प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा सुटा, आपापलं काम करणारा. नवा प्रोग्राम इथंच होईल हे पटलं, की तुमच्यावाचून त्यांचं चालायचं नाही."

"शिकवा ताई," तो म्हणाला. "माझं बोलणं काय त्यांच्या डोक्यात शिरत न्हाई."

तिनं मॅनेजरांच्या हाती पुठ्ठ्याची कार्डं दिली. कुणी गाडी, कुणी वजनाचा काटा, कुणी पावती. कार्डावर एवढंच: मला काय माहीत, मी काय करतो, कुणाला विचारतो. गाडीनं काट्याला वजन विचारावं. त्यानं ते कसं काढलं यात नाक खुपसू नये. मुख्य मॅनेजर आमोद गाडी झाला, तेव्हा काटा झालेल्या शर्मिलाबाई म्हणाल्या, "पोट आत ओढू नका साहेब, काट्याला फरक पडत नाही."

हसणं सरलं आणि खेळ अडला. जळका ऊस आला तर? एकाच नावाचे दोन शेतकरी निघाले तर? साऱ्या माना मागच्या खुर्चीतल्या उत्तरेश्वरकडे वळल्या. मंदाकिनीला वाटलं, हीच वेळ. यांना त्याची किंमत दाखवायची.

मग तीन आठवडे उत्तरेश्वर सांगत राहिला आणि ती लिहीत राहिली. पहाटे जात्यावर बाई गाते तसं त्याचं सांगणं, एका ओळीच्या पोटातून दुसरी ओळ, घास संपेना, पीठ सरेना. प्रत्येक कार्डाखाली तिनं त्याचं नाव घातलं.

आमोदनं सगळी कार्डं मन लावून वाचली. "म्हणजे आतला काटा बदलला, तरी गाडीला कळणारही नाही?"

"अगदी बरोबर," ती हरखून म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका मॅनेजरला हे समजलं होतं.

नवा प्रोग्राम मंजूर झाला. चार नवी मुलं घ्यायची ठरली. यादीत उत्तरेश्वर नव्हता. ती भांडली, तिनं विनवण्या केल्या. आमोद शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपणच शिकवलंत. काम कार्डाप्रमाणे झालं, की आत कोण आहे हे विचारायचं नाही."

ती जागेवर आली, तर उत्तरेश्वर वाटच बघत होता.

"ताई, एक राहिलंच. तोडणीची बाई कधी गाडीतल्या उसावरच थकून निजती. म्हणून वजनाआधी काट्यानं विचारायचं, वर कुणी हाय का. जुन्यात मी ते घातलेलं हाय."

मंदाकिनीनं कोरं कार्ड ओढलं, त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेतला, खाली त्याचं नाव घातलं.

मग त्याला यादीचं सांगितलं.